टेंभी नाक्यावरची ‘दोन हजार वर्षांची मशीद’

नवरात्र जवळ आलं की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. वरच्या मजल्यावरचे काका तो टाकतात आणि मिनिटाभरात वीसेक अंगठे उमटतात. न वाचता अंगठा उठवायची सवय आपल्याकडे जुनीच.

मजकुराचा सारांश असा: ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरचं ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, दोन हजार वर्षांचं आहे. ती मुळात मशीद होती, म्हणून जुनी माणसं तिला मशीद म्हणतात. पेशव्यांनी हिंदू, पारशी आणि ज्यूंना एकाच वेळी शेजारी शेजारी जागा दिल्या. ठाण्यात धर्मावरून कधीच रक्त सांडलं नाही. आता ज्यू सगळे इस्रायलला गेले, वास्तूला कुलूप आहे.

हेतू चांगलाच आहे. पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

वयापासून सुरुवात करू. ‘शार हशामायिम’, म्हणजे आकाशाचं दार, हे सिनेगॉग १८७९ सालचं. दोन हजार वर्षं हा आकडा येतो तो बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या आठवणीतून. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणात वाढला, अशी ती कथा. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. पिढ्यान्‌पिढ्या हे लोक शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळत होते, खवले नसलेली मासळी वर्ज्य मानत होते आणि हे सगळं सिनेगॉगशिवाय चाललं होतं. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉगसुद्धा १७९६ चं. समाजाचं वय भिंतींना चिकटवण्यात काय हशील? शब्बाथला वाहनात बसायचं नाही, म्हणजे प्रार्थनेची जागा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ हवी. सामूहिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष हवेत. हे दोन नियम लक्षात घेतले की १८७९ हे साल दोन हजारांपेक्षा कितीतरी जास्त बोलतं. तोवर ठाण्यात त्यांची घरं पुरेशी झाली होती.

मशिदीचा मुद्दा मला सगळ्यात मजेशीर वाटतो, कारण त्यात निरीक्षण बरोबर आणि निष्कर्ष चूक आहे. जुनी माणसं मशीद म्हणत, हे खरंच. पण तो शब्द खुद्द बेने इस्रायलांचा होता. ‘सिनेगॉग’ हा ग्रीक वळणाचा शब्द कोकणातल्या तेल्याच्या तोंडी कुठून येणार? मूर्ती नसलेल्या प्रार्थनाघराला आजूबाजूच्या बोलीत जो शब्द होता तो त्यांनी उचलला. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं ते १७९६ चं सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखलं जायचं आणि मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. कुणाची वास्तू कुणी घेतली, याचा इथे काही संबंध नाही. मराठी त्यांची घरचीच भाषा. १८७४ साली पुण्यात त्यांनी पेसाह या सणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह छापली. तिच्या चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका चक्क साडीत आहेत.

पेशव्यांचं दान तारखांपुढे टिकत नाही. कोपिनेश्वराचं देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये बांधलं, इथवर मराठी अमल आहे. १७७४ च्या अखेरीस ठाणं इंग्रजांनी घेतलं. पारशी अग्यारी कावसजी पटेलांची, १७८० ची. आणि सिनेगॉग उभं राहिलं तेव्हा पेशवाई बुडून ६१ वर्षं झाली होती. ‘शेजारी शेजारी’ मात्र मान्य. अग्यारी, सिनेगॉग, जैन मंदिर टेंभी नाक्याच्या परिसरातच आहेत आणि तलावपाळीचं चर्च आणि कोपिनेश्वर चालत गाठता येतात. कोपिनेश्वराचा जीर्णोद्धारही १८७९ मध्येच झाला, ठाणेकरांच्या वर्गणीतून.

‘कधीच रक्त सांडलं नाही’ हे वाक्य वाचून मात्र मी थांबलो. एप्रिल १३२१ मध्ये याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (ख्रिस्ती) साधू धर्मावरच्या वादातून मारले गेले. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. थोड्याच काळात इथे आलेल्या ओडोरिक या प्रवाशानं ती हकीकत लिहून ठेवली आणि त्यांच्या अस्थी तो चीनपर्यंत घेऊन गेला. नंतर पोर्तुगीज आले आणि १७३७ पर्यंत राहिले. त्यांच्या काळात साष्टीतल्या देवळांचं काय झालं, ते वेगळं सांगायला नको. टेंभी नाक्यावरचा आजचा शेजार या सगळ्यानंतरचा आहे. मला तो त्यामुळेच मोलाचा वाटतो, पण फॉरवर्डला गोड भूतकाळच लागतो.

राहिलं कुलूप. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबं इस्रायलला गेली, हे खरं. २०११ च्या जनगणनेत देशभरात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास उरले. पण त्यांतली मोठी वस्ती ठाण्यातच आहे आणि प्रार्थना सुरू आहे. मुंबईतल्या नरीमन हाऊस या ज्यू केंद्रावरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर अशा ठिकाणी बंदोबस्त असतो, सहज कुणी आत शिरू शकत नाही. बंद फाटकाला काका कुलूप समजले असावेत.

ज्यूंचे महिनेही चंद्रावर चालतात, त्यामुळे त्यांचं नवं वर्ष आणि आपली घटस्थापना कित्येकदा एकाच सुमारास येतात. नव्या वर्षाच्या प्रार्थनेत मेंढ्याचं शिंग फुंकतात. २०२४ मध्ये दोन्ही ३ ऑक्टोबरला आले. काकांचा ‘वास्तूला कुलूप आहे’ हा मेसेज त्याच सकाळचा.