विमान मोडू द्या की!

आरसी, म्हणजे रिमोटने उडवायच्या छोट्या विमानांच्या छंदात सगळ्यात धोक्याचं काय, असं कोणी विचारलं तर मी प्रॉप (विमानाचा फिरता पंखा) म्हणणार नाही आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीही म्हणणार नाही. विमान वाचवायची धडपड, हे माझं उत्तर. ग्रुपवरचे काही जण चिडतील. चिडोत.

महिनाभर रात्री जागून कापलेलं, चिकटवलेलं मॉडेल असतं. मोटर, तिचा वेग सांभाळणारी ईएससी, झडपा हलवणारे सर्वो, सिग्नल पकडणारा रिसिव्हर धरून खिशाला चांगली चाट बसलेली असते. हवेत काही बिनसलं की हात आपसूक ते वाचवायला जातात. समोर मोकळं रान आहे, तिथे थ्रॉटल (मोटरचा जोर) बंद करून खाली घातलं तर फार तर पंख जाईल. पण नाही! पठ्ठ्या ते वळवून रनवेवरच आणायला बघतो. आणि रनवेच्या कडेला कोण उभं असतं? आपण, आपल्या मागे बघे, त्यांची पोरं, आणि पलीकडे टेनिस बॉलची मॅच चालू असेल तर बॉल आणायला धावत सुटलेला एखादा फिल्डर.

यावर नवख्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "अहो काका, थर्मोकोलचंच तर आहे!" थर्मोकोल पंखांना रे बाबा. नाकात लोखंडी शाफ्टची मोटर असते आणि तिच्यामागे विटेसारखी बॅटरी. दीड किलोचं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, ताशी ७२ किलोमीटरने येत असेल तर त्यात ३०० ज्यूल ऊर्जा असते. तेच विमान २० मीटरवरून, म्हणजे सहाव्या-सातव्या मजल्यावरून, दगडासारखं खाली सोडलं तर जमिनीवर पोचताना तेवढीच ऊर्जा असेल. सोसायटीत कोणी वरून दीड किलोची कुंडी टाकली तर आपण पोलिसांत जाऊ.

सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, कॅल्व्हर्ट व्हॉक्स पार्कात, १९ वर्षांचा एक मुलगा स्वतःच्याच आरसी हेलिकॉप्टरचं पातं डोक्याला लागून दगावला. नवखा नव्हता, कसरती करण्यात तरबेज होता. 'शिकलो की धोका संपतो' असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

जमिनीवरही तीच गोष्ट. विमान गवतात घासू नये, खरचटू नये म्हणून पोरं ते मांडीत घेऊन बॅटरी जोडतात. मी हे डोळ्यांसमोर बघितलंय: विमान दोन गुडघ्यांत, नाक पोटाकडे, ट्रान्समीटर (हातातला रिमोट) शेजारी गवतात, आणि बॅगेचा पट्टा थ्रॉटलच्या दांडीवर. प्लग बसला, तीन बीप झाले, पट्टा सरकला, दांडी हलली, प्रॉप फिरला. जीन्स फाटून मांडीला टाके पडले. इंचभर इकडेतिकडे झालं असतं तर काय, ते लिहीत नाही. दहा इंची प्रॉप मिनिटाला ९००० फेऱ्यांवर असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ४३० किलोमीटर होतो. जुनं, इंधनावर चालणारं ग्लो इंजिन बोट मध्ये आलं की बऱ्याचदा बंद तरी पडायचं. इलेक्ट्रिक मोटर अडवली की बॅटरीतून आणखी करंट खेचते आणि जोर लावते. म्हणून टेबलावर काम करताना प्रॉप काढून ठेवायचा. मैदानावर बॅटरी जोडताना विमान दुसऱ्याने मागून धरायचं, थ्रॉटल कट (मोटर चालू होऊ न देणारं बटण) लावलेला, प्रॉपच्या समोर किंवा त्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणी नाही. एवढं साधं आहे.

फेलसेफची तर कमाल. सिग्नल गेला की मोटर बंद व्हावी म्हणून ही सोय. काही शहाणे ती अशी लावतात की सिग्नल गेला तरी विमान अर्ध्या थ्रॉटलवर घिरट्या घालत राहील, 'सिग्नल परत आला तर वाचेल' म्हणून. आणि नाही आला तर? ते कोणाच्या गच्चीवर उतरणार आहे? घरी प्रॉप काढा, मोटर थोडी चालू करा, ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली नाही तर ते विमान मैदानावर आणू नका.

बॅटरीचा मोह वेगळाच. क्रॅशमध्ये चेपलेली, फुगलेली लिपो 'अजून चालतेय की' म्हणून लोक वापरत राहतात. सेलला ४.२ व्होल्टच्या वर न्यायचं नाही, ३ च्या खाली उतरू द्यायचं नाही, ठेवून द्यायची तर ३.८ च्या आसपास, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मार बसलेली बॅटरी त्या क्षणी गप्प बसून नंतरही पेटू शकते, हे माहीत असून ती लगेच गाडीच्या डिकीत जाते. आणि घरी रात्रभर चार्जिंगला, पलंगाखाली! बॅटरी नवी मिळते हो.

विजेच्या तारेत अडकलेल्या विमानाबद्दल एकच सांगतो. ते आता महावितरणचं. कार्बन फायबरची गळाची काठी घेऊन निघालेल्या एकाला आम्ही अक्षरशः धरून ठेवलं होतं. कार्बनमधून वीज जाते, दादा.

नियमांचं म्हणाल तर ड्रोन नियम, २०२१ आपल्यासारख्यांना बऱ्यापैकी मोकळीक देतात. छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या बनावटीला सरकारी मान्यता) लागत नाही. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथे आधी परवानगी लागत नाही तिथे, ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. पुण्यात लोहगाव हा हवाई दलाचाच तळ आहे, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा आधी उघडा. विम्याचा विषय काढला की मात्र सगळ्यांना अचानक बॅटरी चार्ज करायची आठवण येते. अमेरिकेत एएमए या मॉडेल विमानवाल्यांच्या संघटनेच्या सभासदाला २५ लाख डॉलरचं विमासंरक्षण सभासदत्वातच मिळतं. आपण साडेतीनशे रुपयांचे प्रॉप मागवतो आणि कोणाला लागलं तर 'बघू' म्हणतो.

आमच्या मैदानावर आता एक पद्धत पाडलीय. टेक-ऑफच्या आधी पायलटने, काही बिघडलं तर विमान कुठे पाडणार ती जागा बोटाने दाखवायची, मोठ्याने सांगायची. "त्या बाभळींच्या अलीकडे, पडीक रानात." बस. जागा दाखवता येत नसेल, तिकडे गुरं किंवा माणसं असतील, तर थांबायचं. एकदा काही बिघडलं की त्याच जागी पाडायचं, हिरोगिरी नाही. यावरून वाद झाले, दोघं-तिघं रुसून दुसऱ्या मैदानावर गेले. तुमच्याकडे याहून बरी काही पद्धत असेल तर कमेंटमध्ये लिहा, आम्ही उचलू.