कॉर्डलेस माइक बाळगणाऱ्यांसाठी काही कायदेशीर सूचना

आपल्या मंडळाने किंवा मंगल कार्यालयाने नवा कॉर्डलेस माइक घेतला असेल, तर आपले अभिनंदन. कारण कायद्याच्या दृष्टीने आपण आता नुसते सचिव किंवा व्यवस्थापक राहिला नसून चक्क बिनतारी प्रक्षेपकाचे, म्हणजे रेडिओलहरी सोडणाऱ्या यंत्राचे, धारक झाला आहात. हा मान ब्रिटिशांनी 1933 साली केलेल्या कायद्याने मिळवून दिला आहे. त्या कायद्याने असे यंत्र परवान्याशिवाय वापरणे तर सोडाच, जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले, आणि प्रक्षेपक बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात 1949 साली घालण्यात आली. एवढ्या पैशांत साउंडवाला हल्ली एक जादा स्पीकरही लावत नाही, तेव्हा दंडाला भिण्याचे कारण नाही. कैदेचे मात्र अध्यक्षांना आधी सांगून ठेवावे. पुढे 2023 साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला आणि त्याची कलमे 2024 पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. ती आपल्या माइकपर्यंत पोहोचली की नाही, हे पाहण्याचे काम मांडववाल्यावर सोपवून मोकळे व्हावे.

काही चौकस मंडळी सांगतील की 865 ते 868 मेगाहर्ट्‌झ किंवा 2.4 गिगाहर्ट्‌झच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात, ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत चालणारा माइक घेतला, तर वापराचा परवाना लागत नाही. त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए ही मान्यता असली म्हणजे झाले. अशांच्या नादी लागू नये. इतक्या सहजासहजी कायदा पाळता येतो, हे एकदा कळले की न पाळण्याला सबब उरत नाही. दुकानात पल्ला किती मीटर, एवढेच विचारावे आणि रिसीव्हरच्या, म्हणजे माइकच्या लहरी पकडणाऱ्या डब्याच्या, मागे चिकटवलेली बारीक अक्षरांतली फ्रिक्वेन्सी वाचण्यासाठी चष्मा काढू नये.

ती 700 मेगाहर्ट्‌झच्या पुढची निघाली, तर आपल्यासारखे भाग्यवान आपणच. त्या पट्ट्यातील 10 मेगाहर्ट्‌झ देशभर वापरण्यासाठी रिलायन्स जिओने 2022 च्या मोबाईल लहरींच्या लिलावात 39,270 कोटी रुपये मोजले. आपण त्याच शेजारात वर्गणीतून जागा धरली. शेजार थोडा गलबल्याचा आहे, एवढेच. यातील 703 ते 748 मेगाहर्ट्‌झ हा भाग मोबाईलकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशांसाठी असल्यामुळे खरखर करणारा प्रक्षेपक दूरच्या टॉवरवर नसतो, तो पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या खिशात असतो. म्हणूनच रिकाम्या नाट्यगृहातील तालमीत जो माइक सुरेल चालतो, तो प्रयोगाच्या रात्री ऐन स्वगतात दगा देतो. अशा वेळी ‘कृपया मोबाईल सायलेंटवर ठेवा’ अशी सूचना त्याच माइकवरून द्यावी. सायलेंट मोबाईलही टॉवरशी बोलतच राहतो, हे कोणाला सांगू नये.

रंगमंचावर तीन माइक असतील, तर त्यांच्या फ्रिक्वेन्सी कवायतीतल्या मुलांसारख्या समान अंतरावर उभ्या कराव्यात: 650, 651, 652 मेगाहर्ट्‌झ. पहिल्या दोन माइकच्या लहरी एकमेकींत मिसळून जो आगंतुक संकेत तयार होतो, त्याचे गणित 651 ची दुप्पट वजा 650 असे आहे, आणि उत्तर नेमके तिसऱ्याच्या डोक्यावर येऊन बसते. तिसरा माइक प्रमुख पाहुण्यांना द्यावा.

एकाच इमारतीत खाली-वर दोन सभागृहे असतील, तर दोन्हीकडे एकाच दुकानातला, एकाच खोक्यातला माइक असणे उत्तम. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन संकेत आले की एफएम रिसीव्हर जोरकस असलेलाच उचलतो. त्यामुळे खालच्या श्रद्धांजली सभेत वक्त्याने रिसीव्हरकडे पाठ करून माइक छातीशी धरला आणि त्याच्या देहाने लहरी अडवल्या, की वरच्या मजल्यावरचे ‘शुभमंगल सावधान’ दिवंगतांच्या तसबिरीसमोर खणखणीत ऐकू येते. अक्षता तेवढ्या टाकू नयेत.

एवढे करूनही कोणी परवाना विचारलाच, तर पोलीस ठाण्याने दिलेली ध्वनिक्षेपकाची परवानगी पुढे करावी. ती 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांखालची, आवाजाची आणि रात्री दहाच्या वेळेची असते. लहरींशी तिचा काडीचाही संबंध नसतो, पण तिच्यावर गोल शिक्का असतो आणि विचारणाऱ्याचे समाधान बहुधा तेवढ्यावर होते. साउंडवाल्याच्या पेटीत तळाशी वायरचा एक जुना माइकही असतो, ज्याला ना परवाना लागतो, ना मान्यता, ना फ्रिक्वेन्सी. तो मात्र मागू नये, फोटोत वायर येते.