गरोदरपणातील मेंदूचा स्कॅन: एका दाव्याचा प्रतिवाद

‘गरोदर स्त्रीच्या मेंदूचा स्कॅन करू नये, कारण किरणांमुळे बाळाला व्यंग येते, डोकेदुखी आणि आकडी रक्तदाबामुळेच असते व बाळंतपण झाले की थांबते’ हा मजकूर सर्वत्र फिरतो आहे.

पहिला मुद्दा किरणांचा. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये किरणांचा झोत डोक्यापुरताच असतो आणि गर्भापर्यंत जेमतेम ०.००१ ते ०.०१ मिलिग्रे (शरीराने शोषलेली किरणमात्रा मोजण्याचे एकक) मात्रा पोहोचते. निसर्गातील किरणोत्सर्गामुळे गर्भाला नऊ महिन्यांत याहून कितीतरी अधिक, सुमारे ०.५ ते १ मिलिग्रे, मात्रा मिळतच असते. व्यंगाचा धोका ५० मिलिग्रेच्या खाली वाढल्याचे आढळलेले नाही. एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नसतातच. रास्त आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो एमआरआयचे चित्र अधिक स्पष्ट यावे म्हणून शिरेतून देतात त्या गॅडोलिनियम या रंगद्रव्यावर घेता येईल: २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात त्याचा संबंध मृतजन्म व नवजात मृत्यूंशी आढळला, म्हणून अगदी अपरिहार्य असल्याखेरीज ते टाळतात. मात्र मेंदूच्या शिरांचे एमआरआय चित्रण त्याशिवायही होते.

रक्तदाबाचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. एक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणातील उच्च रक्तदाबाच्या विकारात येणाऱ्या आकडीची, शक्यता दिसताच मॅग्नेशियम सल्फेट हे आकडी रोखणारे औषध सुरू करतात, स्कॅनची वाट पाहत नाहीत, हे योग्यच. परंतु मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी झाली तरी अशीच डोकेदुखी, धूसर दृष्टी आणि आकडी येते, आणि तिथे रक्तदाबाच्या गोळ्या नव्हे, हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध लागते. साध्या सीटीत ही गुठळी अनेकदा दिसत नाही. त्यामुळे ‘सीटी नॉर्मल’ या शब्दांवर विसंबून शंका मिटवणे धोक्याचे ठरते. एक्लॅम्प्सियात मेंदूच्या मागील भागात येणारी सूज बहुधा ओसरणारी असते. ती सूज आहे की रक्तपुरवठा तुटून पेशी मरत आहेत, हा भेद एमआरआयमधील डिफ्युजन चित्रांवरून (ऊतींमधील पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या) करता येतो.

‘बाळंतपणानंतर थांबते’ हे विधान वस्तुस्थितीच्या उलट आहे. शिरांतील गुठळीचा धोका प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत सर्वाधिक असतो. एक्लॅम्प्सियाची पहिली आकडीही प्रसूतीनंतर येऊ शकते. क्षणार्धात पराकोटीला पोहोचणारी डोकेदुखी रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने होऊ शकते, आणि पहिल्या आठवड्यातील चित्रणात त्या निर्दोष दिसू शकत असल्याने पुन्हा तपासावे लागते. पाठीत भूल दिल्यानंतरची डोकेदुखी बसल्यावर वाढते व आडवे झाल्यावर उतरते. हा क्रम बदलला, झोपूनही दुखू लागले, तर ‘भुलेमुळे होते’ म्हणून बाळंतिणीला थांबवून ठेवू नये. तपासणीत रंगद्रव्य द्यावे लागले, तरी ते दुधात नगण्य उतरते. स्तनपान थांबवावे लागत नाही.