तात्या, आधी डिझेलचा कॅन खाली ठेवा

रविवारी सकाळी पिंपळगावहून तात्यांचा फोन. "उकिरड्यात राक्षसी भुंग्याच्या अळ्या निघाल्यात, डिझेल ओतून पेटवून देतो." सहा ट्रॉल्या शेणखत! कारण काय, तर भाऊबंदांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: 'गुआम बेटावरचा विषारी भुंगा नाशिकमध्ये दाखल. शेणखतात वाढतो, द्राक्षाची मुळं खातो. खत जाळा.' सोबत भल्यामोठ्या शिंगाच्या भुंग्याचा फोटो.

फोटोपासूनच बोंब. हा पॅसिफिक महासागरातल्या गुआमचा नाहीच, हा हर्क्युलीस भुंगा. कॅरिबियनमधल्या डॉमिनिका, ग्वादेलूप बेटांवरचा. मोठा नर शिंगासकट १७ सेंटीमीटरपर्यंत भरतो. अळी कुजक्या लाकडात वर्षभराहून जास्त काढते, मोठेपणी गळून पडलेली फळं चोखतो. दमट हवेत त्याची पिवळट पाठ काळी पडते, हे मात्र बघण्यासारखं.

गुआमला छळतोय तो गेंड्या भुंगा, जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचा. आणि तो तिकडून इकडे नाही, इकडून तिकडे गेलाय! आपल्याच आशियातला. १९०९ च्या सुमारास सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेहून, रबराच्या रोपांबरोबर पॅसिफिकमधल्याच सामोआला पोचला, गुआमला २००७ मध्ये सापडला. कोकणातल्या माडवाल्याला विचारा: माडाचा कोवळा कोंब पोखरतो, मग झावळी उघडते ती कात्री मारल्यासारखी. गुआममध्ये माड मेले हे खरं, तेवढं मान्य. २०१५ च्या डॉल्फिन वादळात आडवे झालेले माड कुजले आणि अळ्यांना आयतं घर मिळालं.

विष वगैरे काही नाही. पुढे.

आता मुळं, कारण नुकसान इथेच होतंय. गेंड्या भुंग्याची अळी शेणखतात असते, पण कुजकंच खाते. झाडाला त्रास देतो तो मोठा भुंगा, तोही मुख्यतः ताडामाडाच्या कुळाला. जिवंत मुळं कुरतडते ती हुमणी, दुसऱ्याच भुंग्यांची अळी, आपली जुनी ओळखीची. दोघी पांढऱ्या, दोघी इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, म्हणून घोळ. पूर्ण वाढलेली गेंड्याची अळी अंगठ्याएवढी जाड, हुमणी त्यामानाने बारीक. कच्च्या खतातून हुमणी शेतात जाऊ शकते, म्हणून खत चांगलं कुजवा, चाळून टाका, अळ्या वेचा. जाळायचं कशाला?

तात्यांनी कॅन ठेवला. दुपारी फोटो आला: फावडं, चाळण आणि खाऊन सुस्तावलेल्या चार कोंबड्या. शेजारच्या मळ्यातला ढीग मात्र रात्रीच पेटवलेला, अजून धुमसतोय म्हणे.