बिनबंधनाचं नेट

लोकांची सुटीची घरं लोणावळ्याला असतात, महाबळेश्वरला असतात. आमचं सोलापुरात आहे, उत्तर कसब्यातल्या एका बोळात. ‘सुटीला सोलापूर?’ म्हणत पुण्यातले मित्र माझ्या कपाळाला हात लावून बघतात. पण वडिलांचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे, थंडीत हुरडा आहे, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आहे, त्यामुळे जाणं होतंच.

माळवदाच्या भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात ऊन आत येत नाही. मोबाइलची रेंज मात्र बाराही महिने येत नाही. सुटीतही ‘एकच कॉल आहे, बाबा’ म्हणणारी सून वर सवण्यापाशी, म्हणजे छतातल्या झरोक्यापाशी, लॅपटॉप घेऊन उभी राहायची आणि बोळातली पोरं खालून तिला हात करायची.

तेवढ्यात घरच्या नेटची जाहिरात दिसली. ‘करार नाही, बंधन नाही! हवं तेव्हा घ्या, नको तेव्हा सोडा. महिना फक्त ४९९.’ हे खास आमच्यासाठीच छापलंय असं वाटून मी फोन लावला.

पलीकडची मुलगी फारच गोड होती. ४९९वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे, हे तिने वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्यात तसं सांगितलं.

“जोडणी फुकट ना?”

“हो सर, वर्षाचे पैसे एकदम भरलेत तर.”

“अहो, पण बंधन नाही म्हणालात.”

“बंधन नाहीच सर. फक्त ॲडव्हान्स आहे.”

महिन्या-महिन्याने घेणाऱ्याला जोडणीचे १००० आणि त्यावर पुन्हा जीएसटी. राउटरचं डिपॉझिट १५००. ते परत मिळतं. राउटर, अडॅप्टर आणि ज्या खोक्यातून तो आला ते खोकं, तिन्ही धड दिलं तर. आमच्याकडे लग्नातल्या साडीचं खोकं जपून ठेवलेलं आहे, पण ते चालत नाही. शिवाय रिचार्ज ३० दिवसांचा. आम्ही चार दिवस राहून परतणार आणि उरलेले दिवस ते नेट भिंतीवरच्या पालींनी वापरायचं.

“मधले महिने बंद ठेवलं तर?”

“ठेवा ना सर. फार दिवस बंद राहिलं तर खातं आपोआप बंद होतं. मग राउटर जमा करायचा आणि पुढच्या वेळी नवीन जोडणी घ्यायची.”

माझं लग्नसुद्धा इतक्या अटींवर झालं नव्हतं.

जोडणीला आलेला पोरगा खांबाकडे बघत म्हणाला, “काका, वायर कमी पडतीय. जास्तीच्या वायरचं मीटरमागं पैसं लागतील. आणि शेजारच्या गॅलरीतून घ्यावी लागंल.” शेजारी मावशी. मला त्या अजून बाळ्या म्हणतात. माझे केस पांढरे झाले हे त्यांनी विचारात घेतलेलं नाही. “मार की खिळा, आपलंच घर हाय,” त्या म्हणाल्या. पोराला चहा झाला, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी झाली. मग मावशींनी नातवाला हाक मारली, “ये रे, काकाकडून पासवर्ड घे.” खिळ्याचं भाडं असं ठरलं. याची पावती नाही, पण जीएसटीही नाही, हे खरं.

आता यात्रा. सिद्धेश्वराचे ७ नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, आणि या काठ्या चांगल्याच उंच. आमच्या बोळाच्या तोंडावरून त्या जायच्या म्हणून आदल्या दिवशी आडवी लोंबणारी आमची वायर कुणीतरी सोडवून गुंडाळून ठेवली. योग्यच केलं, सिद्धेश्वरापुढे सुनेचा कॉल किती मोठा? पण ज्या आठवड्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमका तोच आठवडा कोरडा गेला. वायर पुन्हा जोडायला माणूस बोलावला तर ‘व्हिजिट चार्ज’. आणि तो आला आम्ही पुण्याला पोचल्यावर.

मी रिचार्ज केलाच नाही. बंधन नाही ना! परवा सकाळी फोन वाजला.

“बाळ्या, काय करलालास? नेट बंद पडलंय की रे! पोराचा परीक्षेचा फॉर्म भरायचाय, आज शेवटची तारीख.”

वायर त्यांच्या खिळ्यावर, माझ्या डिपॉझिटचं खोकं त्यांच्या माळ्यावर. मी पुण्यात बसून मुकाट्याने ५८८ रुपये ८२ पैसे भरले. थोड्या वेळाने पुन्हा फोन.

“आलं बघ. पण लई हळू चालतंय रे. पुढच्या महिन्याला वरचा प्लॅन टाक की.”