आजीला दाखवायचा कागद

"कायदा कडक करा, चार पालक तुरुंगात गेले की प्रथा आपोआप बंद पडेल" हा मुलींच्या खतन्यावरच्या (म्हणजे मुलींच्या गुप्तांगाचा भाग कापण्याच्या प्रथेवरच्या) लेखातला सूर काही पटला नाही. ब्रिटनने मुलींच्या खतन्यावर बंदी घातली १९८५ साली. सुट्टीत मुलीला मायदेशी नेऊन हे उरकायची पळवाट २००३च्या कायद्याने बुजवली. आणि पहिली शिक्षा झाली २०१९मध्ये! कायदा नको असं नाही म्हणत मी. पण सहा-सात वर्षांची पोर स्वतःच्या आईविरुद्ध तक्रार द्यायला जाणार आहे का?

नेदरलँड्सची युक्ती मला जास्त शहाणपणाची वाटते. तिथे ही प्रथा असलेल्या देशांतून येऊन राहिलेल्या आईवडिलांना एक सरकारी पत्रक मिळतं: हा आमच्याकडे गुन्हा आहे, परदेशात करून आणलात तरी. आता चित्र डोळ्यासमोर आणा. सोमालियातल्या घरी आजी हट्टाला पेटलीय, आत्या टोमणे मारतायत, "हिच्याशी लग्न कोण करणार?" सून वाद घालत नाही, पर्समधून घडी घातलेला कागद काढते. "माझा इलाज नाही हो, परत गेल्यावर मला आत टाकतील." नकाराचा वाईटपणा सरकारच्या माथी, नातं शाबूत. (सासरी 'नाही' म्हणायला किती बळ लागतं, हे बायकांना वेगळं सांगायला नको.)

लेखात सरसकट 'रानटी लोक' म्हटलंय, तेही खटकलं. अशा नजरेने बघितलं तर ती आई दवाखान्यातसुद्धा तोंड उघडणार नाही.