वॉशिंग्टनचा दुरंगी स्तंभ आणि युद्धाची गोष्ट

अमेरिकेच्या राजधानीतल्या वॉशिंग्टन स्मारकाच्या फोटोखाली हमखास फिरणारा मजकूर असा: यादवी युद्धामुळे काम थांबलं, अर्धवट स्तंभ उघड्यावर काळवंडला, म्हणून दोन रंग दिसतात, २०११च्या भूकंपात तो १० इंच खचला, आणि त्याहून उंच इमारत बांधायला शहरात कायद्यानेच बंदी आहे.

आधी युद्ध. ते १८६१ला पेटलं. काम १८५४लाच, साधारण १५२ फुटांवर, बंद पडलं होतं. बांधकाम वर्गणीवर चालायचं आणि वर्गणी आटत आली होती. त्यात पोपने भेट दिलेला दगड त्याच वर्षी मार्चमध्ये चोरीला गेला. संशय होता कॅथलिकांचा दुस्वास करणाऱ्या 'नो-नथिंग' मंडळींवर, आणि पुढच्या वर्षी त्यांनीच स्मारक समितीचा ताबा घेतला! त्यांनी रचलेले निकृष्ट थर नंतर काढून टाकावे लागले. युद्धाने काम लांबवलं हे खरं. त्या काळात स्मारकाच्या आवारात सैन्यासाठी गुरं राखली आणि कापली जात.

रंगाचं कारण खाणीत आहे. खालचा संगमरवर मेरीलँडमधल्या टेक्सास गावचा (राज्य नव्हे, गाव). १८७९ला लष्करी अभियंता थॉमस केसी यांनी काम हाती घेतलं, अपुऱ्या पायाखाली काँक्रीट भरलं आणि मॅसॅच्युसेट्सचा दगड मागवला. तो पसंत पडला नाही, थोडे थर लावून थांबवला. उरलेला स्तंभ मेरीलँडच्याच कॉकीव्हिलच्या दगडात १८८४ला पुरा झाला. म्हणजे दगड तीन ठिकाणचे. लावताना ते बरेचसे जुळत होते. ऊन-पावसात प्रत्येक आपापल्या परीने बदलला. नुसतं काळवंडणं असतं तर धुऊन गेलं असतं.

इमारतींच्या उंचीचा १९१०चा कायदा रस्त्याच्या रुंदीवर बेतलेला आहे. त्यात स्मारकाचा उल्लेखही नाही.

राहिले १० इंच. भूकंपाने नुकसान केलं, त्यात वाद नाही: माथ्याजवळ दगड तडकले, चुना निखळला, आणि स्मारक मे २०१४पर्यंत बंद होतं. पण १८८४चं माप ५५५ फूट ५ इंचांहून किंचित जास्त आणि नवं ५५४ फूट ७ इंचांच्या पुढे, हा फरक मोजायला कुठून सुरुवात केली त्याचा आहे. नव्या मोजणीत आजच्या आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणे प्रवेशद्वाराची पातळी धरली. खरोखर झिजलंय ते ॲल्युमिनियमचं टोक, विजा झेलून झेलून. तेही जेमतेम एक सेंटिमीटर.